समाप्तीचा रकाना

पत्रात अभिनंदन होतं, तिथेच मॅडमच्या मनात पाल चुकचुकली. 'आफ्रिका व आफ्रिकी स्थलांतरित समाज अभ्यास कार्यक्रम यशस्वीरीत्या पार पडला. खोली क्रमांक सतरा सोमवारपर्यंत रिकामी करून द्यावी.'

त्या खोलीत मॅडम अकरा वर्षं शिकवत होत्या. पार काही पडलं नव्हतं. पडलंच असेल तर छताचं प्लॅस्टर.

त्या तडक हेडक्लार्ककडे गेल्या. त्याला सगळे पाठीमागे 'रकाना' म्हणत, कारण ज्याला रकाना नाही ते त्याच्या लेखी जन्मालाच आलेलं नसे.

"अहो, हा शिकवायचा कार्यक्रम आहे. समारंभ नव्हे!"

"नोंद सभागृहाच्या वहीत आहे, मॅडम. कार्यक्रमाचं नाव, सुरुवात, समाप्ती. समाप्ती अकरा वर्षं कोरी. तपासणीवाले ओरडले. मग मी तारीख भरली."

"भरली? कशी?"

"पेनानं." त्यानं चष्मा पुसला. "एवढा लांबलेला कार्यक्रम मी उभ्या जन्मात पाहिला नाही. बाकी पाहुणे आले त्या वर्षी नाच झकास बसवला होतात हं."

तो नाच मॅडमच्या घशात अजून अडकलेला होता. परदेशी पाहुणे येणार म्हणून कुलगुरूंनी विचारलं होतं, "तुमच्या मुलांना ढोल येतो ना?" मुलं तेव्हा जुन्या जहाजांच्या याद्या वाचत होती. त्यांत विकलेल्या माणसांची नोंद मालाच्या रकान्यात होती, हस्तिदंत आणि मिरी यांच्या मधोमध. खोली टिकावी म्हणून मॅडमनीच ढोल आणवले.

"मग आता विभाग म्हणून नोंद करा."

"तेव्हाच करायची होती. अर्जात तुम्हीच 'कार्यक्रम' लिहिलंय. ही बघा सही."

सही त्यांचीच. तेव्हाचे कुलगुरू म्हणाले होते, "विभाग म्हटलं की लोकांच्या पोटात दुखतं. कार्यक्रम म्हणा, कुणी बघणार नाही." शब्दाचे पक्के निघाले. खरंच कुणी बघितलं नाही.

"माझ्या चार मुलांची शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर आलीय हो! त्यांच्या पदवीचं काय?"

रकान्यानं वहीवरून बोट फिरवलं. "प्रेक्षक, चार. नोंद आहे की! काळजी सोडा. प्रत्येकाला उपस्थितीचं प्रमाणपत्र देऊ. छापील."

मॅडम खोलीत परतल्या, तेव्हा चौघं जहाजाची यादी उघडून बसली होती.

"मॅडम, कुठल्या पानापासून?"

उत्तर देण्याआधीच शिपाईमामा पुष्पगुच्छ घेऊन दारात उभे राहिले. "कुलगुरू साहेबांनी पाठवलाय. कार्यक्रम छान झाला म्हणे?"

"झाला, मामा," मॅडम म्हणाल्या. "आमचा चांगलाच कार्यक्रम झाला."

हे शब्द मुलं एरवी कट्ट्यावर एकमेकांच्या फजितीवर वापरत. त्यांना लगेच कळलं. हसलं कुणीच नाही.

मामांनी गुच्छ त्या उघड्या यादीवर ठेवला आणि खुर्च्या मोजायला घेतल्या. ज्यांच्यावर मुलं बसली होती, त्याही.