वाळूवरचं सारवण

मावशी खड्ड्यात फतकल मारून बसली आणि वरून सोडलेली शिडी तिने बाजूला सारली.

“मावशी, वर या. माती भरायला ट्रॅक्टर आलाय,” साहेब म्हणाले. उत्खननाचे प्रमुख तेच. अहवालही त्यांचाच: पाच हजार वर्षांपूर्वी पाऊस आटला, नदी गेली, वाळू उडत आली आणि लोक वस्ती टाकून पळाले.

“भरा. मी बसलेय इथंच.”

तीस वर्षं खुरपी चालवलेली बाई. हंगामाच्या सुरुवातीला तिनेच सांगितलं होतं, वर नुसती वाळू आहे, फावड्याने ओढा. मग निम्मी वाळू ढिगाऱ्यावर गेली. आज सकाळी खड्ड्याच्या उरलेल्या भिंतीत तिला सुतासारखी काळी रेघ दिसली. तिच्यावर वाळू, मग पुन्हा रेघ.

“मुळं कुजली असतील,” साहेब म्हणाले.

“सारवण आहे. तुमच्या घरी फरशी, पुसली की झालं. तुम्हाला काय कळणार?”

साहेब कडेवरून घसरत खाली आले. मावशीने खुरपीच्या टोकाने रेघा मोजून दाखवल्या. सात.

“दरवेळी वाळू घरात शिरली, दरवेळी तिच्यावरच सारवलं. निम्मं घर माझ्या चुकीनं ढिगाऱ्यात गेलं, ते मी चाळून काढीन. पण पळाले असं लिहू देणार नाही.”

सारवणाचा सगळ्यात वरचा थर तिने ताटाएवढा मोकळा केला होता. त्यावर बोटांचे अर्धगोल स्पष्ट उठले होते. साहेबांनी वाकून हलकी फुंकर मारली. बराच वेळ बघत राहिले.

“यावर चुलीची राख नाही, मावशी. एक पाऊलसुद्धा नाही. सातव्यांदा सारवलं आणि निघाले. म्हणजे शेवटी गेलेच ना?”

हे मावशीच्या लक्षात आलं नव्हतं. तिने त्या अर्धगोलांवरून, न टेकवता, हात फिरवला. एकदा, दोनदा.

“मागं सरत सरत सारवलंय,” ती म्हणाली. “सारवणारी पार दारापर्यंत गेली असणार, म्हणून पाऊल नाही. टाकून जाणारं माणूस एवढं करतं होय?”

वरून ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, किती वेळ लागेल.

“इंजिन बंद कर,” साहेब म्हणाले आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.