सावलीत हलवलेला काटा

दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. रस्ते विभागाच्या कार्यालयामागची बाग. हिरवळीवर पाण्याचे फवारे चालू. शिपाई मोबाइल कानाला लावून माझ्यापुढे आला, चष्मा कपाळावर चढवून वाकला आणि म्हणाला, "अडतीस."

"नीट बघ रे बाबा," पलीकडून मुकादमाचा आवाज आला. "इथं डांबर चपलेला चिकटतंय."

"दिसतंय तेच सांगतोय. साडेअडतीस म्हण हवं तर."

"मग काम चालू ठेवतो."

"ठेव."

तो आकडा माझा. मी थर्मामीटर बोलतोय. आकडा खरा होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळ्यांनी त्याच्याच आड लपून घेतलं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. मोठ्या ताटाएवढी माझी तबकडी, वर काच, मध्ये लाल काटा. पोटात दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी गुंडाळून बसवलेली असते. उष्णतेनं एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी. दोघांच्या ओढाताणीत काटा फिरतो. यात मन, मत, इच्छा असं काही नसतं. बाहेर पाठवण्याआधी मला बर्फाच्या पाण्यात आणि गरम पाण्यात बुडवून तपासलं आणि पाठीवर शिक्का मारला. तो अजून आहे.

मला मागवलं ते रस्त्याचा आराखडा करणाऱ्या बाईंनी. त्यांनी त्या रस्त्यावरचे जुने शिरीष एकाही फांदीला हात न लावता ठेवले होते आणि मधल्या मोकळ्या जागांत नवे लावले होते. एकूण अठ्ठावीस. पदपथाला फिकट रंगाची फरशी, म्हणजे ती ऊन कमी पिते. मातीला श्वास घेता यावा म्हणून बुंध्याभोवती मोकळं आळं. इमारतींमध्ये अशी फट की संध्याकाळचं वारं तळ्याकडून आत यावं.

"बाई रस्ता बांधतायत की बैठकीची खोली?" कार्यालयात कुणीतरी विचारलं होतं.

"गाडीला घाम येत नाही, माणसाला येतो," बाई म्हणाल्या आणि दोन थर्मामीटर मागवले. दोघांच्याही डोक्यावर सारखीच पत्र्याची छत्री. एक पुढच्या उघड्या चौकात, आणि मी त्या झाडांच्या सावलीत, बसथांब्याजवळच्या खांबावर. भर उन्हाळ्यात तो चव्वेचाळीस दाखवी, मी एकोणचाळीस. बाईंना तेवढंच सिद्ध करायचं होतं. पुढे त्यांची बदली झाली.

चौकातला माझा जोडीदार एका ट्रकच्या धक्क्यानं फुटला. मी राहिलो, आणि माझ्यावर एक नवीन काम आलं. उन्हाळ्याचा आदेश निघाला होता: त्रेचाळीसच्या वर काटा गेला की उघड्यावरचं काम थांबवायचं, ते चार वाजल्यानंतर सुरू करायचं. त्या रस्त्याच्या मुकादमानं तो आदेश शब्दशः पाळला. दर तासाला तो माझ्याखाली येऊन मान वर करायचा. शिव्या सढळ द्यायचा, पण शब्दाचा पक्का. काटा त्रेचाळीसच्या पुढे सरकला की शिट्टी.

त्याच्या टोळीत दोघी जावा होत्या. थोरली खडी पसरायची, धाकटी झारीनं डांबर ओतायची. थोरलीला आधीच्या उन्हाळ्यात, दुसऱ्या एका रस्त्यावर, एकदा भोवळ आली होती. तेव्हापासून तिचा डोळा माझ्यावर असे. ती मला घड्याळ म्हणायची.

"जाऊबाई, तुमचं घड्याळ पेंगतंय आज," धाकटी म्हणायची.

"पेंगू दे गं. पेंगतंय तोवर बरंय."

"मुकादमाला आवडत नाही हां, तुम्ही सारखं वर बघता ते. म्हणतो, म्हातारीचं सूत जुळलंय काट्याशी."

"त्याला सांग, काटा त्याच्यापेक्षा कमी बोलतो."

चौदा फेब्रुवारीला रस्ता रुंद करण्यासाठी करवती आल्या. चार दिवसांत अठ्ठावीस झाडं आडवी झाली. फरशी उखडली, आळी बुजवली. माझा खांब तेवढा उभा राहिला, कारण तो कुणाच्या आड येत नव्हता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्याच जागी, त्याच पत्र्याखाली पंचेचाळीस दाखवले. माझ्यात काही बदललं नव्हतं. रोज बाराच्या आतच शिट्टी होऊ लागली आणि टोळी ताडपत्रीखाली बसून राहू लागली. रस्त्याचं घोडं अडलं. उपअभियंता साहेब आले, गाडीची काच चार बोटं खाली करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हा थर्मामीटर आहे की संपाचा पुढारी?"

मुकादम म्हणाला, "साहेब, आदेश तुमच्याच सहीचा आहे."

काच वर गेली.

वीस एप्रिलला फिटर शिडी आणि पाना घेऊन आला. धाकटीनं झारी खाली ठेवली.

"आमचं घड्याळ कुठे नेताय?"

"ऑफिसच्या बागेत. नियमच तसा आहे. थर्मामीटर सावलीत, गवतावर असावा लागतो."

"त्याला सावली. आणि आम्हाला?"

"वहिनी, मला पान्याचं काम सांगितलंय. तेवढंच करतो."

नियम तसाच आहे, हे मी नाकारत नाही. हवामानाची नोंद करायची तर उपकरण सावलीत, गवतावरच हवं. पण त्या नियमानं शहराची हवा मोजतात, डांबराच्या झारीमागे उभ्या असलेल्या बाईची नाही. आधी रस्ता सावलीत होता. आता सावलीत फक्त मी होतो.

त्यानंतर मुकादम फोन करू लागला. शिपाई बागेत येऊन आकडा सांगायचा. सदतीस, अडतीस, कधी एकोणचाळीस. शिट्टी पुन्हा वाजली नाही.

सहा मेला, दोन चाळीसच्या त्या फोननंतर अर्ध्या तासानं, थोरली पडली. मी तिथे नव्हतो. हे मला कळलं ते चौकशीच्या दिवशी. चौकशीचे अधिकारी मला पाहायला बागेत आले होते आणि धाकटीला माझ्यासमोरच उभं करून विचारत होते.

"त्यांनी तक्रार केली होती?"

"दोनदा. मुकादम म्हणाला, फोन करून विचारतो. मग म्हणाला, अडतीसच आहे."

"मग काय झालं?"

"घाम थांबला तिचा. मला वाटलं, बरं वाटतंय. मग मला म्हणाली, आई, पाणी दे. मी तिची धाकटी जाऊ, साहेब. मला आई म्हणाली."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं नाही. मुकादम बाजूला उभा होता. त्यानं एकदाच तोंड उघडलं: "पायाखाली मला कळत होतं. मी काट्याचं ऐकलं."

थोरली संध्याकाळी सव्वासहाला रुग्णालयात वारली. अंगाचा ताप एकशे सात होता, असं तिथल्या कागदावर आहे. चौकशीच्या अहवालात मात्र असं आहे: घटनेच्या वेळी अधिकृत तापमान अडतीस अंश होते, सबब मृत्यूचा उष्णतेशी संबंध जोडता येत नाही. साक्षीदार म्हणून माझी नोंद आहे. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

आजही मी बागेतच आहे. फवारे सकाळ-संध्याकाळ चालतात आणि माझ्या काचेवर पाण्याचे डाग वाळतात. माझी मागणी एकच आहे. माणसं जिथे उभी राहून काम करतात तिथे मला लावा. ते जमत नसेल तर माझ्या आकड्यावर त्यांना उन्हात उभं करू नका. आणि रस्त्याला पुन्हा सावली दिलीत, तर तुम्हाला माझी फारशी गरजच पडणार नाही.

गेल्या महिन्यात धाकटी आली होती. मला हलवण्याच्या आदेशाची प्रत तिनं अर्ज करून मागितली होती, आणि तिसऱ्या खेपेला ती मिळाली. तिला अक्षर लागेना म्हणून तिनं कागद शिपायापुढे धरला. शिपाई आधी कां-कूं करत होता, मग इथेच माझ्याखाली उभा राहून वाचू लागला.

"सदर ठिकाणी झाडे नसल्यामुळे तेथील तापमान प्रमाणित धरता येत नाही, तरी उपकरण कार्यालयाच्या बागेत हलवावे."

"वीस एप्रिलचा ना?" धाकटीनं विचारलं.

"वीसला फिटरला मिळाला. फाइल टेबलावर पडून होती." त्यानं चष्मा वर केला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. "सही तीन फेब्रुवारीची आहे."

तीन फेब्रुवारीला त्या रस्त्यावर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस झाडं उभी होती. झाडं तोडण्यावरच्या हरकती ऐकून घेण्याची तारीख नऊ फेब्रुवारी होती. झाडे नसल्यामुळे, हे तीन तारखेला कुणी लिहिलं, असं धाकटीनं प्रत वाचून घेतली त्याच दिवशी लेखी विचारलं आहे. अर्जावर पोचेचा शिक्का आहे. उत्तर नाही.