अजितचा खुबा आणि दोन पाट

अजितचा खुबा दुखावला तो क्रिकेट खेळताना. वय अडतीस, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी ऑफिसातल्या पोरांबरोबर खोट्या हिरव्या गवतावर चेंडू अडवायला आडवा पडला. चेंडू गेला तो गेलाच, वर खुब्याच्या सांध्याभोवती कसलीशी मऊ कड असते म्हणे, ती फाटून बसली. वसुमतीबाईंना फोनवर हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "चेंडू काय तुझ्या बापाचा होता?"

दुसऱ्या दिवशी त्या यशवंतपूरच्या आपल्या घराला कुलूप घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला लेकाकडे हजर झाल्या. बरोबर मेतकुटाचा डबा, साजूक तुपाची बरणी आणि जुन्या साडीत गुंडाळलेले दोन पाट. सुनेच्या घरात जेवायला काचेचं टेबल होतं, आणि वसुमतीबाईंच्या डोळ्यांत ते लग्नापासून सलत होतं.

तिथे येऊन बघतात तर घरात दुखण्यापेक्षा चर्चाच जास्त. एका डॉक्टरने सांगितलं होतं, दुर्बिणीतून आत शिरू, फाटलेली कड शिवू, मोकळे व्हा. दुसरा म्हणाला, शिवायची घाई कशाला? आधी तीन महिने नीट व्यायाम करा, भोवतीचे स्नायू घट्ट झाले की पुष्कळांचं दुखणं शिवल्याशिवाय उतरतं. नाहीच उतरलं तर ऑपरेशन कुठे पळून जातंय? झालं! अजित उठता बसता दोन्हींची तुलना करायचा. ऑफिसातल्या कोणी शिवून घेतलं, कोण व्यायामाने धावायला लागला, कोण शिवूनही लंगडतोय.

"अरे, भांडी घ्यायला निघालास का?" वसुमतीबाई कावल्या. "स्टीलचं बरं की पितळेचं, तसं काय चालवलंयस? व्यायाम कर गुमान. सुरी लागायच्या आधी जे करता येतं ते आधी."

सून आसावरी पुण्याची. तिचंही मत तेच पडलं. सासू-सुनेचं एकमत व्हायची ही पहिलीच वेळ, म्हणून अजित घाबरून कबूल झाला. घराजवळच अश्लेषा नावाची फिजिओ होती, निपाणीकडची मुलगी, तिच्याकडे त्याचं जाणं सुरू झालं. घरी सतरंजीवर पडून तो पाय उचलायचा, पायाला रबरी पट्टा बांधून खेकड्यासारखा आडवा चालायचा. वसुमतीबाई कंबरेवर हात ठेवून राखणीला उभ्या. चुकवायची सोय नव्हती.

आणि तरी दुखणं कमी होईना! उलट वाढलं. जेवून उठला की दाराची चौकट धरायचा, चेहरा पांढराफटक. गाडीत बसताना मांडीच्या सांध्यात चमक, पायात मोजा घालताना चमक. शेवटी एक दिवस वैतागून म्हणाला, "बस झालं आई. सोमवारी ऑपरेशन. तारीख घेतली मी."

एकुलता एक पोरगा, त्याला भूल देणार, सांध्यात सळ्या खुपसणार. पण भीती दाखवणं वसुमतीबाईंच्या रीतीत नव्हतं. त्या सुनेवर घसरल्या.

"तुझी ती फिजिओ काय कामाची? नुसती पाय हलवून घेते. इतके आठवडे गेले!"

"आई, तिचं चुकतंय असं मला वाटत नाही," आसावरी भाजी चिरता चिरता म्हणाली. "मी तुम्हाला मागेच म्हटलं होतं, जेवताना त्यांना खुर्चीवर..."

"आलीस परत खुर्चीवर! ताटाभोवती पाणी फिरवून चित्रावतीची शितं घालायची ती काय काचेवर? आमच्यात चालता येतंय तोवर माणूस पाटावर बसून जेवतो. याचे आजोबा शेवटच्या वर्षापर्यंत पाटावर बसले. त्यांचा नाही फाटला खुबा!"

"आजोबा क्रिकेट खेळत नव्हते," आसावरी पुटपुटली आणि सुरी जरा जोरात चालवायला लागली.

शनिवारी अजितचा फिजिओकडचा शेवटचा दिवस. वसुमतीबाईंनी ठेवणीतली इरकल नेसली. त्या पोरीला दोन शब्द सुनावल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागणार नव्हतं. रिक्षात अजित एका कुल्ल्यावर तिरका बसला होता. खड्डा आला की "आई गं" म्हणायचा.

"स्वल्प मेल्ले, अण्णा!" वसुमतीबाई रिक्षावाल्यावर ओरडल्या. "हळू घे म्हटलं ना! पोरगं बसलंय, बटाट्याचं पोतं नाही!"

अश्लेषा चांगली उंच, ठणठणीत मुलगी निघाली. तिने अजितला टेबलावर निजवलं, पाय इकडे दाबला, तिकडे दाबला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बघा ना सर, ताकद चांगली आली आहे. पाय माझ्या हाताने दबत नाही आता. पण गुडघा छातीकडे नेऊन जरा बाहेर टाकला की चिमटा तसाच. हे काय मला कळेना झालंय."

"तुला कळेना, मग आम्ही कोणाला विचारायचं?" वसुमतीबाईंनी तोंड उघडलं. "पैसे मोजून घेतेस ना? माझा पोरगा सोमवारी आडवा पडणार तुझ्यामुळे."

"काकू, माझ्यामुळे कसं? मी तर म्हणते, अजून वेळ द्या. कुठेतरी रोज त्या सांध्याला चिमटा बसतोय, तेवढा सापडला की झालं. सर, तुम्ही कुठे खाली बसत नाही ना? मी पहिल्या दिवशीच सांगितलेलं."

अजित छताकडे बघत म्हणाला, "नाही."

"अगं, माझ्या घरात त्याला कोण काय करू देतंय?" वसुमतीबाईंचा आवाज चढला. "सकाळी व्यायाम, संध्याकाळी व्यायाम, मी स्वतः उभी असते. वेळेवर जेवण. दोन्ही वेळा पाटावर, छान मांडी घालून, ताट पुसून खातो. आसावरीने टेबल मांडलं होतं, मी ते बंद केलं. आमच्यात असली थेरं..."

बोलता बोलता त्यांचं लक्ष अश्लेषाच्या चेहऱ्याकडे गेलं. तिने नुसता अजितचा गुडघा परत छातीकडे नेला आणि अलगद बाहेर टाकला. अजित कळवळला. पाय होता हवेत, पण बैठक ओळखीची होती. मांडी. खाली पाट सरकवला असता तर पुढ्यात ताटच वाढायचं बाकी होतं.

"मांडी," अश्लेषा हळूच म्हणाली. "काकू, मी सगळ्यांना एवढंच सांगते की हो. पाय घट्ट होईतोवर खाली बसायचं नाही, मांडी नाही, गुडघा खुब्याच्या वर नको. आम्ही इथे चिमटा सोडवायचा, आणि जेवताना तो परत बसायचा."

वसुमतीबाईंना ऐकू आलं, पण त्यांचे डोळे लेकावर होते. तो अजून छताकडेच बघत होता.

"तुला माहीत होतं?"

"आई, म्हटलं दहा मिनिटांचं तर काम..."

"माहीत होतं?"

"तू चिडली असतीस."

"म्हणून?" वसुमतीबाईंचा आवाज असा फुटला की बाहेर बसलेल्या बाईने दारातून डोकावून पाहिलं. "अरे गाढवा, सुरीखाली निजायला तयार झालास, पण 'आई, मला खाली बसवत नाही' एवढं म्हणायला तुला तोंड नव्हतं? मी काय डॉक्टरच्या सुरीपेक्षा धारदार आहे?"

अजितने मान वळवली आणि पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडे बघितलं. "हो," तो म्हणाला.

अश्लेषाला हसू आवरेना. ती टॉवेलाच्या घड्या घालायला वळली.

परतीच्या वाटेवर वसुमतीबाईंना राग नेमका कोणाचा आला होता, तेच ठरत नव्हतं. पोराचा यावा तर त्याला बोलू न देणाऱ्या त्याच. सुनेचा यावा तर ती बिचारी बोललेली. आणि पाटाचा राग कोण धरतं?

घरी आल्यावर आसावरीने ऑपरेशनवाल्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, असं असेल तर मीही सोमवारी हात लावणार नाही. मांडी बंद करून व्यायाम नीट होऊ द्या, मग परत तपासू. तेव्हाही दुखत असेल तर शिवू. वसुमतीबाईंनी कान देऊन ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच कढईवर कढई आपटली. आसावरी मागून आली. "मी म्हटलं होतं" असं ती म्हणेल म्हणून त्या उत्तर तयार ठेवून उभ्या होत्या. ती म्हणाली नाही. त्याचाच त्यांना जास्त संताप आला.

"ताटं घे," त्या सुनेवर खेकसल्या. "बघतेस काय? त्या तुझ्या काचेवर मांड. आणि त्याच्या खुर्चीवर उशी घाल, नाहीतर गुडघा वर येईल. फिजिओ म्हणाली ना, गुडघा खुब्याच्या वर नको? का सगळं मीच लक्षात ठेवायचं?"

अजित उशीवर बसला. वरण-भात वाढून झाला. त्याने हातावर पाणी घेऊन ताटाभोवती फिरवलं आणि काचेवर भाताची शितं ठेवली. घसरून दोन शितं टेबलाच्या कडेला गेली. वसुमतीबाईंनी ती बोटाने परत जागेवर आणली.

"आई, तुम्ही खाली बसा हवं तर," आसावरी म्हणाली. "तुमचा पाट मांडू का?"

"मी एकटी खाली? तुम्ही दोघं वरून माझ्या ताटात बघणार?" वसुमतीबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. पाय जमिनीला टेकेनात. लहान पोरीसारखे लोंबकळायला लागले.

"मेली खुर्ची आहे का माळा?" त्या चरफडत उठल्या, भिंतीला टेकवलेले दोन्ही पाट आणले, टेबलाखाली एकावर एक ठेवले आणि त्यांवर पाय टेकून, ताठ बसून, पहिला घास घेतला.

"हसू नका," त्या म्हणाल्या. "जेवा."