तीस इंच छातीचं झबलं

रविवारी बाळाचा बाप्तिस्मा होता आणि नंदिनीला एकच हवं होतं: त्या वेळी आप्पा आपल्याजवळ उभे असावेत. अडचण एवढीच, की तिचे वडील बसाप्पा मोठेपणी स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करून नदीत बुडी घेणाऱ्यांतले, आणि सासरे केरबा तान्ह्यांच्या डोक्यावर पाणी घालणाऱ्यांतले.

शनिवारी आप्पा चंदगडहून एसटीनं आले. शिंपी माणूस. माहेरचं झबलं म्हणून त्यांनी जे पुढ्यात ठेवलं, ते पाहून केरबांचा चहा बशीतच राहिला. पांढरा सदरा, छाती तीस इंच.

"पावणं, माप चुकलं की!"

"माप बरोबर हाय. सोळा वर्सांचा झाला, आपल्या तोंडानं व्हय म्हणाला, की हे घालून पंचगंगेत उतरंल. आज त्याला काय कळतंय?"

"आन् देवी टोचल्या, तवा इचारलंतं त्याला?"

"लस काय इस्वास मागत न्हाय."

"देवाची दयाबी मागत न्हाय!"

"मग बंब आणून सगळ्या गल्लीवरच पाणी मारा की!"

नंदिनीनं कपबशा उचलल्या. तिला दोघांचंही पटत होतं, हीच पंचाईत.

रविवारी आप्पा चर्चच्या पायरीपर्यंत आले आणि तिथंच बसले. "पोराला न इचारता पाणी घालणार, तिथं मी न्हाय."

सासूबाईंनी शिवलेलं झबलं नंदिनीनं पिशवीत कोंबलं, बाळाला आप्पांच्या सदऱ्यात गुंडाळलं आणि आत गेली. दोन्ही बाह्या तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होत्या.

पाळकांनी प्रश्न विचारला, पण बाळाला नव्हे. "हा स्वतः विश्वास कबूल करीपर्यंत याला देवाच्या मार्गानं वाढवाल?"

नवरा "होय" म्हणाला. नंदिनी मागं वळून दाराकडं बघत राहिली. सगळे थांबले.

"अगं, सांग की!" दारातून आवाज आला. "तुला इचारत्यात!"

माना वळल्या. तान्ह्याच्या बाप्तिस्म्यात प्रश्न कुणाला विचारतात, हे आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्यांचा एक पाय उंबऱ्याच्या आत आला होता.

"होय," नंदिनी म्हणाली.

पाणी पडलं. बाळानं चर्च डोक्यावर घेतलं.

"बघा, व्हय म्हणतंय," केरबा म्हणाले.

"न्हाय म्हणतंय," म्हणत आप्पांनी दुसराही पाय आत घेतला. सरळ पुढं येऊन त्यांनी नातवाला कडेवर घेतलं आणि ओली कॉलर चिमटीत धरून पाहिली.

"नंदे, नीट वाळवून ठेव. सोळा वर्सांनी लागणार हाय."