धुलाईघरातली मोजणी

अध्यक्षबाईंनी चिठ्ठीवर ठसठशीत फुली मारली, तिची घडी घातली आणि साबणाच्या रिकाम्या पिंपात टाकली. गोल म्हणजे बाई आणि फुली म्हणजे बॉयलरवाला, असं ठरलं होतं. म्हणजे बाईंनी आपलं मत चक्क विरोधी उमेदवाराला दिलं होतं. जिंकणाऱ्या माणसाने एवढं मोठं मन दाखवायला काय हरकत आहे? शिवाय तो बिचारा त्यांच्याच सांगण्यावरून उभा राहिला होता. त्याच्या पदरात अगदीच भोपळा पडला असता तर त्यांना वाईट वाटलं असतं.

धुलाईघर बायकांच्या सहकारी मालकीचं होतं; बॉयलरवाला हा त्यातला एकटाच पुरुष सभासद. शहरातल्या दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले इथे धुतले जात. जुन्या मालकाने कुलूप ठोकलं, तेव्हा याच बाईंनी सगळ्या बायकांना फाटकासमोर बसवलं होतं, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते आणि शेवटी किल्ल्या हातात घेऊनच त्या परतल्या होत्या. त्या दिवसापासून बाई म्हणतील ती पूर्व दिशा. दरवर्षी अध्यक्षपदासाठी त्यांचं नाव पुकारलं जाई, सगळे हात वर होत आणि मग चहा येई. बाईंना त्याचा अभिमान होता, आणि तो लपवण्याच्या भानगडीत त्या कधी पडल्या नव्हत्या.

पण सहकारी संस्थांच्या मागच्या बैठकीत बेकरीचा अध्यक्ष हसत हसत म्हणाला होता, "तुमच्याकडे निवडणूक नाही होत, हजेरी होते." सगळे खो खो हसले. बाईही हसल्या, पण ते वाक्य दाताच्या फटीत अडकलेल्या सुपारीसारखं त्यांना सलत राहिलं. त्यातच मोठ्या दवाखान्याचं काम चालून आलं. त्यासाठी रात्रपाळी सुरू करावी लागणार होती, आणि बाईंनी हो म्हणून टाकलं होतं. एवढा मोठा निर्णय रीतसर मतदानाने निवडून आलेल्या अध्यक्षाने जाहीर केलेला बरा, असं त्यांना वाटलं. घोडं अडलं ते उमेदवारापाशी. म्हणून त्या बॉयलरवाल्याकडे गेल्या.

"मी? तुमच्याविरुद्ध?" त्याच्या हातातला पाना खाली पडायचाच राहिला होता.

"विरुद्ध कसला? माझं काम म्हणून उभा राहा."

"बाई, मला बॉयलर कळतो. माणसं नाही कळत."

"हरणारच आहेस. कळून करायचंय काय?"

"मग लोकांसमोर बोलू काय?"

"बोल काहीतरी. रात्रपाळी नको म्हण."

आज्ञाधारक माणूस. आज सगळ्यांसमोर उभा राहून तो तेवढंच बोलला, "रात्रपाळी नको. रात्री माणसाने आपल्या घरी असावं," आणि कपाळाचा घाम पुसत खाली बसला. कुणी टाळी वाजवली नाही. इस्त्रीच्या टेबलाशी बसलेल्या दोघीतिघी मात्र मान खाली घालून चादरीच्या कडा जुळवत राहिल्या. कडा केव्हाच जुळल्या होत्या.

मोजणीसाठी पिंप घेऊन चिटणीस कोठीत गेली. चिटणीस म्हणजे बाईंची भावजय. नणंदेसाठी जीव टाकणारी बाई. फाटकासमोर बसायच्या वेळी तान्हं मूल मांडीवर घेऊन ती सगळ्यांत पुढे बसली होती. थोड्या वेळाने ती लालबुंद चेहऱ्याने बाहेर आली.

"सगळीच्या सगळी मतं वन्संना! समोरच्याला भोपळा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता बॉयलरवाला. सुटका झाल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. बाईंनी आभार मानायला हात जोडले आणि ते तसेच राहिले.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

"सगळी! एक मत इकडचं तिकडे नाही!"

बाईंना आधी गंमत वाटली. मग त्यांनी मनाशी पुन्हा उजळणी केली: पेन्सिल घेतली, एक तिरकी रेघ, तिच्यावर दुसरी. चूक होणं शक्यच नव्हतं. "आले हं," असं म्हणून त्या भावजयीला घेऊन कोठीत गेल्या आणि त्यांनी दार लोटलं.

"चिठ्ठ्या कुठायत?"

"टाकल्या मागच्या दाराने बॉयलरच्या भट्टीत. पसारा कशाला उगाच?"

"त्यात एक फुली होती."

भावजयीने समोरच्या थप्पीतला एक अभ्रा उचलला आणि परत तिथेच ठेवला. "असेल एखादी. कुणाचातरी हात चुकला असेल, म्हणून मी ती आपल्यात धरली."

"तो हात माझा होता."

"तुमचा?" तिचा जीव भांड्यात पडला. "मग प्रश्नच मिटला की, वन्सं! तुमचं मत तुम्हालाच दिलं मी."

एरवी बाई पोट धरून हसल्या असत्या. "आणखी किती हात चुकले होते?"

"लोकांचं काय मनावर घेता? तुम्ही नसतात तर आम्ही सगळ्या रस्त्यावर असतो. हे काय कुणाला ठाऊक नाही? पण हातात चिठ्ठी आली की माणसाला उगाच काहीतरी सुचतं."

"किती, वहिनी?"

"मोजल्या नाहीत." ती जमिनीकडे बघत म्हणाली. "फुल्याच यायला लागल्या, तशी मी मोजणंच सोडलं."

बाहेर टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. बाईंना संताप आला, आणि तो भावजयीचा नव्हता, बाहेरच्यांचा होता. ज्यांच्यासाठी उन्हातान्हात चपला झिजवल्या, त्यांनी फुल्या माराव्यात? आणि वर टाळ्या वाजवाव्यात? मग त्यांना इस्त्रीवाली आठवली. रात्रपाळीचं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "मुलं लहान आहेत माझी. पण तुम्ही म्हणाल तसं." त्यातलं शेवटचं तेवढं बाईंनी ऐकलं होतं. संताप ओसरला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आता बाहेर जाऊन रात्रपाळी जाहीर केली असती, तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. चिठ्ठ्या जळाल्या होत्या आणि भावजय मरेपर्यंत तोंड उघडणार नव्हती.

त्यांनी पदर सारखा केला आणि दार उघडलं.

"मोजणी चुकली आहे," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मतदान पुन्हा होईल. आत्ता."

टाळ्या थांबल्या. बॉयलरवाल्याचा चेहरा उतरला.

"बाई, मी हरलोय ना?"

"ते मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. चिठ्ठ्या त्या चादरींच्या गाड्यांमागे जाऊन लिहायच्या. कुणी कुणाची बघायची नाही. मोजणी इथे, मोठ्या टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तू जिंकलास तर खुर्ची तुझी आणि रात्रपाळी रद्द. चालेल ना सगळ्यांना?"

"तुम्ही म्हणाल तसं!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

रांग लागली. मघाशी चिठ्ठ्या कशा भराभर पडल्या होत्या! आता एकेक बाई गाड्यांमागे जाई आणि बराच वेळ तिथेच राही. इस्त्रीवाली बाहेर आली ती थेट पिंपाकडे बघत. बॉयलरवाला परत आला तेव्हा पहिल्यांदाच त्याने बाईंच्या नजरेला नजर दिली नाही.

सगळ्यांत शेवटी बाई गेल्या. गाड्यांमागे ओल्या कापडाचा आणि साबणाचा वास कोंडला होता. त्यांनी पेन्सिल उचलली, एकदा मागे वळून पाहिलं, डाव्या हाताने चिठ्ठी झाकली आणि गोल काढला.