बारा घरच्या भाकरी

मित्रांनो, मी एक जुनी दुरडी आहे. बांबूची, काठ झिजलेली आणि तुमच्यावर लई चिडलेली.

बेल्ह्याच्या बाजारातून मला राजुरीजवळच्या एका वस्तीवर आणलं. काम एकच. ज्या घरात माणूस जाईल तिथं चूल पेटत नाही. मग बाकीच्या बारा घरांतून एकेक भाकरी माझ्यात पडायची आणि मी त्या दारात जायचे. रडून दमलेली माणसं चार घास खायची. तेव्हा माझं केवढं कौतुक! मग आले फोन. जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं की सुटले सगळे. मी देवळातल्या खुंटीवर धूळ खात पडले. लाज कशी वाटली नाही तुम्हाला?

गेल्या पौषात गेणूला उसात बिबट्यानं धरलं. त्याला जाळून आले आणि वस्तीनं दारं लावून घेतली. भीती मलाही कळते. पण त्याची बायको चिमाबाई तीन दिवस नुसत्या पाण्यावर होती. रडतही नव्हती. लेक हर्षाली ताट पुढं करून थकली. आता आईही जाते की काय, या धास्तीनं पोरगी तिच्याजवळून हलेना. आणि फोनवर ऐंशी श्रद्धांजल्या! जळो त्या.

चौथ्या दिवशी सकाळी मला खुंटीवरून ओढलं ते चिमाबाईच्या धाकट्या जावेनं, उज्ज्वलानं. शेताच्या बांधावरून दोघींचं नऊ वर्षं बोलणं बंद होतं. एका हातात मी, दुसऱ्यात कोयता, अशी ती दारोदार फिरली. ज्यानं दार उघडलं नाही त्याच्या सात पिढ्यांचा तिनं उद्धार केला. भाकरी घेतली आणि माणसालाही बाहेर काढलं. सारी वस्ती मान खाली घालून तिच्या मागं आली.

चिमाबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "तुझ्या हातची भाकर मी खायची न्हाई."

"नको खाऊ. बारा घरच्या हायेत. माझी तेवढी बाजूला काढ, बाकीच्या गिळ."

चिमाबाईनं भाकऱ्या चाळल्या. भांडणाआधी सात वर्षं दोघींनी एकाच चुलीवर रांधलं होतं. कड करपलेली एक भाकरी तिनं बरोबर ओळखली. पण बाजूला ठेवली नाही. तिचाच तुकडा मोडून तोंडात घातला आणि मोठ्यानं रडायला लागली. मग बायका तिला धरून बसल्या.

बांधाचं भांडण आजही चालू आहे, मित्रांनो. त्याचा मला राग नाही, तुमचा आहे. माया नसली तरी चालेल, वैर असलं तरी चालेल. पण कुणाची चूल विझली की तो फोन खाली ठेवा आणि भाकरी घेऊन त्याच्या दारात जा.