कमळूच्या शेताची लावणी

क्लेअर आमच्याकडे आली ती जानेवारीत, सहा-सात महिन्यांसाठी. विलायतेतल्या एका ख्रिस्ती मानवी हक्क संस्थेने तिला पाठवलं होतं. श्रद्धेपायी ज्यांचा छळ होतो त्यांच्या बाजूने आवाज उठवायचा, हे तिचं शिकायचं काम. इंटर्नशिप म्हणतात त्याला. आवाज उठवायलाही शिकावं लागतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्या आसनगावच्या चाळीतल्या नळावर तिला ते आठवडाभरात फुकट आलं असतं. पण शहापूरच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती संस्थेला बाहेरचा आधार तेवढाच. त्यामुळे तिला पाड्यापाड्यांत फिरवायचं आणि दोन्हीकडचं बोलणं इकडचं तिकडे करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पोरगी वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नाचणीची भाकरी मागून घ्यायची, सारवलेल्या जमिनीवर आमच्यासारखीच झोपायची, कोणाचं रडणं ऐकलं की हिचे डोळे आधी भरायचे. अशा माणसावर धड रागावताही येत नाही. माझी पंचाईत तीच होती.

डोळखांबच्या पुढे जीप सोडून चढण चढलं की कोठीचा पाडा लागतो. सगळी घरं ठाकर आदिवासींची, एकमेकांच्या भावकीतली. तिथला कमळू आणि त्याची बायको जना ही आमची माणसं. जना एका बाळंतपणात मरता मरता वाचली, ती मिशनच्या दवाखान्यात. तेव्हापासून दोघं नवराबायको रविवारी प्रार्थना करू लागली, आणि आमच्यातलं कोणी ना कोणी त्यासाठी त्यांच्या घरी जायचं. त्याने पाड्याचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते आदल्या दिवाळीतल्या वाघबारशीला. त्या दिवशी गुरं रानात सुखरूप राहावीत म्हणून घरटी कोंबडी आणि तांदूळ काढतात आणि शिवेवर वाघदेवाला देतात. कमळू म्हणाला, मी देणार नाही. त्याचा चुलतभाऊ राघो हा पाड्यातला कर्ता माणूस. तो एवढंच म्हणाला, मग आमी तुझ्यात येणार नाय.

क्लेअरला वाटलं, घरी येणार नाही एवढंच. मी तिला समजावून सांगितलं. पाड्यात भात लावायला मजूर कोणी लावत नाही. आज सगळा पाडा तुझ्या शेतात, उद्या तू सगळ्यांबरोबर दुसऱ्याच्या शेतात, अशी पाळीने लावणी होते. रोपं काढण्याजोगी होतात ते दिवस थोडेच. तेवढ्यात लावली नाहीत तर ती जागच्या जागी वाढतात, पिवळी पडतात आणि वर्षाचा भात गेला. दोन माणसांनी ते उरकणारं नाही. म्हणजे राघोने कमळूच्या पोटावरच पाय दिला होता, आणि तोही अगदी हळू आवाजात.

ते ऐकून क्लेअर रात्रभर लिहीत बसली. कमळू आणि जनाचा दारातला फोटो तिने तिकडे संस्थेच्या नियतकालिकासाठी पाठवला. असं छापून आलं की सरकारवर दबाव येतो, ती म्हणाली. मला काही खोटं वाटलं नाही.

पुढे होळी झाली, उन्हाळा सरला, आणि पाड्याने आपलं भांडण आपणच सोडवलं. लावणीआधी गावदेवाचं जेवण असतं. राघोने निरोप धाडला: कोंबडी नको देऊ, हात जोडू नको, पण पायलीभर तांदूळ घाल आणि पंगतीला बस. तिसऱ्या दिवशी कमळू तांदूळ घेऊन गेला आणि पंगतीत जेवला. विहिरीवर बायका जनाशी बोलू लागल्या. लावणीचं ठरलं. राघोच्या शेतानंतर पाळी कमळूची, सोमवारी.

क्लेअरला हे फारसं पटलं नव्हतं. हा न्याय नव्हे, ही तडजोड आहे, असं ती म्हणाली. मी म्हटलं, बाई, तडजोडच असू दे, भात तरी होईल. तिने मान डोलावली आणि तिकडे कळवलंही, की प्रकरण मिटलंय. तिकडून उत्तर आलं, फार आनंद झाला, मात्र उन्हाळी अंक केव्हाच घरोघर गेला आहे. त्या अंकात काय होतं ते आम्हाला शनिवारी कळलं.

त्या शनिवारी आम्ही दोघी पाड्यात होतो. राघोच्या शेतातलं काम दुपारचं थांबलं होतं आणि सगळे आंब्याखाली भाकरी खात बसले होते. कमळूही त्यांच्यातच, राघोच्या शेजारी. तेवढ्यात डोळखांबचा पोस्टमन चढण चढून आला. एरवी पत्रं खालच्या दुकानात टाकून जाणारा माणूस, पण आज त्याच्या खांद्यावर पोतं होतं. त्याने ते कमळूसमोर ओतलं. रंगीबेरंगी कार्डं, पाकिटं, फुलांची चित्रं, मेंढरांची चित्रं, पोरांनी खडूने काढलेली घरं. सगळ्यांवर एकच नाव, कमळूचं. अजून तेवढीच खाली आहेत, असं सांगून पोस्टमन घाम पुसत बसला.

अंकात फोटोखाली पत्ता छापून लिहिलं होतं म्हणे, या कुटुंबाला धीराचं कार्ड पाठवा. तिकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, शाळेतल्या पोरांनी आपापल्या देवळात बसून, तिकिटं लावून ती पाठवली होती. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. क्लेअरने तर आनंदाने टाळ्या वाजवल्या. बघा, तुम्ही एकटे नाही, असं कमळूला सांग, ती मला म्हणाली. मी सांगितलं नाही. मला समोर राघोचं तोंड दिसत होतं.

राघोचा मुलगा संदीप कल्याणला कारखान्यात कामाला आहे, त्याला इंग्रजी वाचता येतं. राघोने त्याला एक कार्ड उचलायला सांगितलं. संदीपने अडखळत वाचलं आणि कार्ड खाली ठेवलं. राघो म्हणाला, सांग. तेव्हा त्याने खाली बघत सांगितलं, की एक बाई लिहितेय, तुमच्या शत्रूंची मनं बदलावीत म्हणून मी रोज रात्री प्रार्थना करते. दुसऱ्या कार्डातही शत्रू होतेच. तिसऱ्यातही.

भाकऱ्या तशाच हातात राहिल्या. राघोची बायको हौशी हिने जनाच्या त्याच बाळंतपणात तिला डोलीतून खाली उतरवायला माणसं जमवली होती. ती पदर तोंडाला लावून उठली आणि निघून गेली. हे मी लिहिलं नाय, मला म्हाइतच नाय, असं कमळू दोनदा म्हणाला. पण अंकातला फोटो तर त्याचाच होता.

राघो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, हात धुतले आणि म्हणाला, "तुला येवढी मानसं हायत. सोमवारी लावनीला त्यांनाच बोलाव."

परतताना जीपमध्ये क्लेअर विचारत राहिली, की त्या बाईने वाईट काय लिहिलं? डोळखांबपासून आसनगावपर्यंत माझा संताप नुसता उकळत होता, आणि तो नेमका कोणावर काढावा हे कळत नव्हतं. तिच्यावर, त्या अंकावर, की तिकडे दूर बसून आमच्यासाठी रडणाऱ्या त्या भल्या बायकांवर? राघोवरही राग होताच. भावाला उपाशी मारायला निघालेला माणूस काही संत नव्हता.

सोमवारी आम्ही सकाळीच पोचलो. कमळूच्या शेतात चिखल तयार होता, रोपांच्या मुठी बांधून ठेवल्या होत्या, आणि एवढ्या मोठ्या खाचरात कमळू आणि जना दोघंच वाकून लावत होती. बांधापलीकडे राघोच्या धाकट्या भावाचं शेत. तिथे सगळा पाडा एका ओळीत, मागे मागे सरकत. नेहमी लावणीत बायका गाणी म्हणतात. त्या दिवशी कोणी गात नव्हतं.

क्लेअरने चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि मला काही न विचारता चिखलात उतरली. एक मूठ उचलली, जनाकडे पाहिलं आणि तिच्यासारखी रोपं खोचू लागली. वेडीवाकडी जात होती, पण मन लावून करत होती. मीही साडी खोचली. आमच्या संस्थेतली चार जणं उद्या आणता येतील, असा हिशेब मी मनात करत होते.

कमळू ताठ उभा राहिला. रागात नव्हता. काही अडलं की विचारावं तसं त्याने मला विचारलं, "ताई, ही आमच्यात उतरली. मंग हिच्या शेतात मी कवा जाऊ?"

मी ते क्लेअरला सांगितलं, जसंच्या तसं. ती गोंधळली. मला शेत नाही, ती म्हणाली. मी ते कमळूला सांगितलं.

"मंग भायेर ये म्हनावं तिला."

ती बाहेर आली. बांधावर चिखलाच्या पायांनी उभी राहून रडू लागली. मी तिची समजूत काढली नाही. त्या घडीला मला ते जमणारं नव्हतं.

मग कमळूने हातातली मूठ खाली ठेवली. जनाला काही न सांगता तो बांध चढला, पलीकडे उतरला आणि त्या ओळीच्या टोकाला जाऊन वाकला. ये असं कोणी म्हटलं नाही, जा असंही नाही. ओळीत शेवटची हौशी होती. ती हातभर बाजूला सरकली आणि पुढचं रोप लावू लागली. कमळू त्यांच्याबरोबर मागे सरकत राहिला. इकडे त्याच्या स्वतःच्या शेतात जना एकटीच उरली.

ती आमच्याजवळ आली नाही, लांबूनच बोलली, "ताई, आता प्रार्थनेला नका येऊ. निदान लावनी व्हईस्तोवर तरी नका येऊ."

आम्ही गेलो नाही. क्लेअर महिनाअखेरीस परत गेली. पुढचं मला जनाने दिवाळीच्या सुमारास सांगितलं, शहापूरच्या बाजारात. पाड्यातली लावणी संपेपर्यंत कमळू रोज दुसऱ्यांच्या शेतात गेला. ज्याची पाळी त्याच्या शेतात, न बोलावता, सगळ्यांच्या आधी. कोणी त्याला हाकलून दिलं नाही. दुपारी भाकरीही दिली. पाड्यातलं शेवटचं शेत लावून झालं तेव्हा सगळ्यांनी ओढ्यावर हातपाय धुतले, आणि कमळूच्या अर्धवट लावलेल्या शेतात न उतरता त्याच्या बांधावरून एकामागे एक आपापल्या घरी गेले.